वीज म्हणजे पाणी

अमेरिकेतल्या आमच्या स्टेट कॉलेज गावच्या कॅम्पस बसमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. सगळे कानात काहीतरी खुपसून बसलेले. अशा बसमध्ये एक म्हातारे गृहस्थ माझ्या पुढच्या सीटवर बसायचे, स्वतःशी एकेक शब्द पुटपुटायचे आणि गुडघ्यावर थापा मारायचे. यांचं डोकं फिरलंय, असं मला खुशाल वाटलं होतं. एकदा उतरताना त्यांचा मफलर सीटवर राहिला आणि माझ्या तोंडून मराठीच निघालं, "काका, मफलर." पांढरे केस दिसले की माझ्या तोंडून काका निघतंच, समोरचा कुठल्याही देशाचा असो.

त्यांनी मफलर घेतला आणि काका म्हणजे काय, ते विचारलं. मी सांगितलं, बापाचा भाऊ, पण आम्ही रस्त्यातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला म्हणतो. त्यांचा चेहरा एकदम खुलला. हंगेरीत त्यांच्या गावीही हीच रीत होती. तिथे अशा माणसाला बाची म्हणतात, आणि अमेरिकेत येऊन म्हातारे झाले तरी त्यांना अजून कुणी बाची म्हटलं नव्हतं. घरी नवऱ्याला हे सांगितलं तर त्याने लगेच त्यांचं 'बाचीकाका' करून टाकलं. म्हणजे काकाकाका. तेच नाव आमच्या घरात चिकटलं.

बाचीकाका संगीतकार होते. युनिव्हर्सिटीत शिकवून रिटायर झालेले, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे. मला पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण त्यांना त्याचं काही नव्हतं. उलट, ज्यांना कळतं त्यांच्याशी बोलून कंटाळा येतो, म्हणायचे. हा 'कंटाळा' त्यांनी माझ्याकडूनच उचललेला शब्द. बस, चहा, पुरे, कंटाळा, असे पाचपन्नास मराठी शब्द त्यांनी जमवले होते आणि प्रत्येक शब्द ते आधी गुडघ्यावर वाजवून बघायचे. त्यांची काम करायची पद्धतच ती. चाल नंतर. आधी शब्द घ्यायचा, मोठ्याने म्हणायचा, हाताने त्याचा भार शोधायचा. हंगेरियनमध्ये शब्द कुठलाही असो, भार पहिल्या अक्षरावर. ते म्हणायचे, आमची भाषा दार उघडून सरळ आत येते.

त्यांचं गाव सपाट मुलखात, नदीच्या काठी. आई गावच्या बायकांबरोबर नदीवर कपडे धुवायची. बुडापेस्टला संगीत शिकायला गेले तेव्हा त्यांचे शिक्षक खेडोपाडी हिंडून गाणी गोळा करणारे होते. हेही हिंडले, पण यांच्या कानात गाण्यांपेक्षा बायकांचं बोलणंच राहिलं. या काठावरून त्या काठावर मारलेल्या हाका, एकमेकींची थट्टा, कुणाच्या तरी सुनेबद्दलची कुजबुज. मग छप्पन साली शहरात रशियन रणगाडे आले. ते तेव्हा कोवळे पोरगे होते. स्वरलिपीचे कोरे कागद कोटात घालून पायी सीमा ओलांडली. आईला सांगायला गावी जाता आलं नाही आणि तिची पुन्हा भेट झाली नाही. ती गेल्याची खबर इथे पोचली तेव्हा तिला जाऊन काही महिने झाले होते. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही बस यायला उशीर झाला म्हणून.

इथे त्यांनी पुष्कळ लिहिलं. लहान मुलांना शिकायला पियानोचे तुकडे, चार वाद्यांच्या काही रचना. त्यातली एक न्यूयॉर्कला वाजली आणि तिची बरीच वाहवा झाली. पण जीव अडकला होता तो बायकांच्या समूहगायनासाठी लिहिलेल्या एका मोठ्या रचनेत. शब्द नदीवरच्या बोलण्याचे. ती ते वर्षानुवर्षं लिहीत आणि खोडत राहिले. युनिव्हर्सिटीच्या कॉयरने ती इंग्रजीत गायची तयारी दाखवली, तर यांनी तालीम बघून कागदच परत घेतले. इंग्रजीत दर दुसऱ्या शब्दाच्या आधी एक 'टु' नाहीतर 'फ्रॉम' येतो, आणि त्याला बसवायला सुराआधी एक बारका सूर लावावा लागतो. हे म्हणजे माझ्या आईने पाय पुसून परवानगी काढून मग नदीत उतरल्यासारखं, असं ते चिडून म्हणाले. रचना कपाटात गेली आणि तिथेच राहिली. हट्टी माणूस. मी तसं तोंडावर म्हटलंही होतं.

त्यांची बायको अमेरिकन होती. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी मिशिगनला, ट्रॉयमध्ये, गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. साठीला आलेली. तिला हंगेरियनचा एक शब्द येत नव्हता. तुम्ही शिकवलं नाहीत? मी विचारलं होतं. म्हणाले, त्या काळी माझ्या उच्चारांना लोक हसायचे. तिला कुणी हसू नये, ती पुरती इथली व्हावी, असं वाटलं. माझा मुलगा स्वयंपाकघरात मला इंग्रजीत उत्तरं देतो आणि मी त्याला मराठीत ओरडते. दोघांचं बरं चाललंय, असं मी सगळ्यांना सांगते.

गेल्या हिवाळ्यात बाचीकाका पडले. हाड मोडलं नाही, पण त्यानंतर ते खाटेला खिळले. सकाळी नर्स येऊन जायची, दुपारी मी वरणभात घेऊन जायचे. माझं काम हल्ली घरूनच असतं, त्यामुळे जमायचं. एक दिवस मी गेले तर ते बोलेनात. मी इंग्रजीत काही विचारलं की नुसतं बघायचे. मग अगदी स्पष्ट म्हणाले, "वीज."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. इंग्रजी विसरले, पण माझं मराठी लक्षात आहे, असा माझा समज. मी दिवा लावला. ते पुन्हा म्हणाले, "वीज." मी दुसरा लावला. पडदे सरकवले, टेबललॅम्प उशाशी आणून ठेवला. त्यांचा आवाज चढत गेला, वीज, वीज, आणि मी भर दुपारी घरभर दिवे लावत सुटले. शेवटी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "अगं, त्यांना अंधारी येत असेल. डॉक्टरांना कॉल कर, मी मीटिंग कॅन्सल करून येतो." तेवढ्यात बाचीकाकांनी हात लांब करून फुलदाणी ओढली, त्यातली फुलं पांघरुणावर टाकली आणि फुलदाणी तोंडाला लावली.

हंगेरियनमध्ये वीज म्हणजे पाणी. उच्चार जवळपास तोच, जसा आपण करतो. जगात हा घोळ फक्त मराठी माणसालाच घालता आला असता. मी त्यांच्या हातातून फुलदाणी काढून घेतली, ग्लास भरून दिला, तो ते घटाघटा प्यायले, आणि मला रडूच आलं. बिचाऱ्यांना इतकी तहान लागली होती आणि मी त्यांना उजेड पाजत होते.

डॉक्टर म्हणाले, असं होतं. मेंदूला बारीक धक्के बसत गेले की नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि लहानपणची मागे राहते. इंग्रजी आता परत येईलसं वाटत नाही. मुलगी ट्रॉयहून त्याच रात्री निघून सकाळी पोचली. वडिलांच्या खाटेशी बसून ती इंग्रजीत बोलत राहिली आणि ते सभ्यपणे मान हलवत राहिले. ती कोण, हे त्यांना कळलं नव्हतं. आपली मुलगी साठीची असेल, हेही बहुधा त्यांच्या डोक्यात नव्हतं. बाहेर येऊन ती मला म्हणाली, लहानपणी हंगेरियन म्हणजे बाबांच्या खोलीचं दार बंद झाल्यावर आतून येणारा आवाज होता, ते दार वाजवायचं नसायचं. तिला आता त्यांच्याकडून काही नको होतं. आपण आलोय, एवढं फक्त त्यांच्यापर्यंत पोचवायचं होतं.

फोनवर भाषांतर करणारं ॲप होतं. ते हंगेरियन बोलायचं, पण त्या आवाजाकडे बाचीकाका ढुंकूनही बघत नसत. मग तिनेच कपाटातून ती रचना काढली. वडिलांनी तिला पियानो शिकवला होता, त्यामुळे सूर तिला वाचता येत होते, अडायचं ते शब्दांवर. त्यांच्या स्पेलिंगमध्ये 'एस' लिहिलं की श वाचायचा, 'एस' आणि 'झेड' जोडून आले की स. ती दर वेळी इंग्रजीच्या सवयीने चुकायची. चिडायची, पुन्हा चुकायची. मला राहवेना. ॲपमध्ये एकेक शब्द ऐकून मी तो देवनागरीत लिहून काढायला लागले. देवनागरीत ऐकलं तसं लिहिता येतं, लिहिलं तसं वाचता येतं. मी वाचायचे, ती माझ्यामागून म्हणायची. गुडघ्यावर थाप कुठे मारायची ते मला बसमध्येच कळलं होतं. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी एका अमेरिकन बाईला तिच्या बापाची भाषा शिकवत होते, आणि तिचा अर्थ आम्हा दोघींपैकी कुणालाच नीट माहीत नव्हता. एकदा ती हसत म्हणाली, माझ्या हंगेरियनला इंडियन ॲक्सेंट येणार. मी म्हटलं, येऊ दे, बापाला कळल्याशी कारण.

शिकवताना मला सारखा माझा मुलगा आठवत होता. तोही कधीतरी असाच कुणाकडून तरी माझे शब्द शिकत बसेल का, असं मनात यायचं.

त्यानंतर बाचीकाका फार दिवस राहिले नाहीत. पण ती दुपार त्यांना मिळाली, आणि तिलाही. ऊन पडलं होतं, त्यांना जरा हुशारी होती, नर्सने त्यांचे केस विंचरून ठेवले होते. मुलगी खाटेशी उभी राहिली आणि तिने गायला सुरुवात केली. एकाच बाईचा आवाज, तोही वयाने जाड झालेला. मूळ रचनेत तिथे वीसेक बायका आहेत. नदी, कपडे, हाका, सगळं त्या एका आवाजात येईल तेवढं आलं.

पहिल्या ओळीलाच बाचीकाकांचे डोळे उघडले. दुसऱ्या ओळीत ती एका शब्दावर चुकली, तर त्यांचा हात पांघरुणातून बाहेर आला आणि गादीवर थाप पडली. तो शब्द त्यांनी म्हणून दाखवला. तिने म्हटला. मान हलली, नाही, पुन्हा. तिने पुन्हा म्हटला. किती वेळ हे चाललं कोण जाणे. कपाटात पडून राहिलेल्या त्या रचनेची तालीम शेवटी त्याच भाषेत झाली. मी दाराशी उभी राहून रडत होते. बाप आजारी आहे, हे त्या दोघांच्या लक्षातही नव्हतं.

गाणं थांबलं. बाचीकाकांनी तिच्याकडे बघत काहीतरी विचारलं, अगदी मऊ आवाजात. तिने फोन पुढे केला. फोन म्हणाला, "हूज आर यू?" तिला वाटलं, ॲप चुकलं, 'हू' म्हणायचं असेल. ती हिरमुसली. पण मला ते बरोबर कळलं. गावात नवी पोर दिसली की आपल्याकडे म्हातारी माणसं विचारतात ना, कुणाची गं तू? तेच होतं ते. मी तिला सांगितलं, नाव विचारत नाहीयेत, बाप कोण ते विचारतायत. याच्या उत्तराचीच तर आम्ही इतके दिवस तयारी करत होतो.

'तुमची' याला हंगेरियनमध्ये काय म्हणतात, ते तिने फोनवर शोधलं. मी तिच्या कानात उच्चार सांगितला. ती खाली वाकली, वडिलांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "तिएद." भार पहिल्या अक्षरावर, जसा हवा तसा.

त्यांना शब्द समजला. चेहऱ्यावर दिसलं ते. ते हसले, मायेने, लहान मुलाच्या थापेला हसावं तसे, आणि एक छोटंसं वाक्य बोलले. फोनने जरा वेळ घेतला. मग त्या कोरड्या आवाजात इंग्रजी आलं, "माझ्या मुलीला हंगेरियन येत नाही."

तिने फोन खाली ठेवला, त्यांचं पांघरूण नीट केलं, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, "निदान मुलगी आहे, हे त्यांना आठवतंय."