अक्कांची आठ दिवसांची भाजी

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून भाजीच्या हौदाच्या वाळूवर पाणी शिंपडत होते. पुतण्या विकास शिक्रापूरच्या दवाखान्यातून बोलत होता. "काकू, आई गेली..." एवढंच म्हणाला. माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला. आदल्या दिवशी दुपारी मी अक्कांशी बोलून आले होते. त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता, पण डॉक्टर म्हणत होते की धोका टळलाय. आज या गोष्टीला दीड महिना झाला. त्या दुपारी त्या जे बोलल्या ते सांगायचं, तर आधी आमच्या भाजीची गोष्ट सांगावी लागेल.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मी दौंडची, रेल्वेवाल्याची मुलगी. रोज संध्याकाळी बाजारातून भाजी आणायची आणि रात्री खायची, एवढंच मला माहीत. लग्न होऊन तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या या वस्तीवर आले तेव्हा घराच्या तिन्ही बाजूंना ऊस होता, आणि उसापलीकडे अक्कांचा भाजीचा मळा. सकाळी चूल पेटवायच्या आधी अक्का मळ्यात जाऊन यायच्या. वांगी, गवार, मेथी, सगळं दव असलेलं. शिळी भाजी त्यांच्या हाताला कधी लागलीच नाही.

मग बिबटे आले. आधी लांबच्या वस्त्यांवरून नुसत्या बातम्या यायच्या. एके दिवशी तिन्हीसांजेला आमच्या अंगणातून कुत्रा गेला. साखळी तेवढी राहिली. तरीही अक्का मळ्यात जात राहिल्या, फक्त आता मला सोबत न्यायला लागल्या. त्या सकाळी ऊन चांगलं वर आलं होतं. आम्ही दोघी वांगी तोडत होतो. वारा अजिबात नव्हता, तरी उसाची पानं हलली. पुन्हा हलली, या वेळी जरा जवळ. उग्र वास आला. अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "सुनीता, ऊठ. वाकून ऱ्हाऊ नको. वाकलेलं माणूस त्याला जनावर वाटतं." मला उठता येईना. त्यांनी माझ्या दंडाला धरून मला उभं केलं. पाठ न फिरवता आम्ही एकेक पाऊल मागे सरकत राहिलो. मला दिसला तो एक कान, आणि त्याखाली आमच्याकडे लागलेला डोळा. पाटी तिथंच टाकून आम्ही घरी आलो. मी दोन दिवस तापाने फणफणले होते.

त्यानंतर चार दिवस घरात डाळ आणि मटकी. पाचव्या दिवशी अक्का म्हणाल्या, "आठवड्यातनं एकदाच जायचं. भर दुपारी, चार-पाच बायकांनी मिळून. आन् आणलेली भाजी आठ दिवस टिकवायची." कशी टिकवायची, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. फ्रिज लहान, त्यात लाइटचा भरवसा नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेली मेथी तिसऱ्या दिवशी काळी पडली. टोमॅटोंना बुरशी आली. अक्कांनी एकेक चूक लक्षात ठेवली. भाजी धुऊन ठेवायची नाही, पुसून ठेवायची. मेथी-कोथिंबीर निवडायची नाही, मुळांसकट ओल्या फडक्यात गुंडाळायची. पिकलेली केळी, पपई बाकीच्या भाजीपासून लांब, नाहीतर सगळंच लवकर पिकतं. एक नासकं वांगं दिसलं की लगेच बाहेर. मग कुणीतरी सांगितलं म्हणून परसात विटांचा हौद बांधला. दुहेरी भिंत, मधल्या फटीत वाळू, वर गोणपाट. वाळू सकाळ-संध्याकाळ ओली ठेवली की आत भर उन्हाळ्यातही गारवा. वांगी आठव्या दिवशीही टणक निघायची. वरवंडपासून बायका बघायला आल्या. "अक्का लई हुशार," म्हणाल्या. अक्का हसून त्यांना वाळू कशी चाळायची ते सांगायच्या. बिबट्याचं नाव काढायच्या नाहीत.

एका सकाळी मी पाणी घालायला गेले, तर हौदाभोवतीच्या ओल्या मातीत पंजा उमटलेला... माझ्या तळहाताएवढा. अक्का मागून आल्या. मुलं उठायच्या आत त्यांनी पायाने माती सारखी केली. "कुत्र्याचा हाय," म्हणाल्या. आमच्याकडे कुत्रा उरला नव्हता. मी ओरडले, "अक्का, पाडून टाका तो हौद! पाण्यापायी येतोय तो." त्या शांतपणे म्हणाल्या, "पाडला तर रोज मळ्यात जावं लागंल. जाशील?" आठवड्याच्या आत त्यांनी तो हौद फोडून स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, खिडकीखाली, नवा बांधून घेतला. खिडकीतूनच पाणी घालता येईल असा.

आणि मी त्या वांग्यांच्या सकाळनंतर मळ्यात गेलेच नाही. अंगणवाडीचं काम, मीटिंगा, गुडघा... तीन वर्षं दर आठवड्याला माझं काहीतरी कारण असायचं. अक्का शेजारणींना घेऊन जायच्या, स्वतः पुढे. त्यांना भीती नाहीच, असं मी धरून चालले होते.

दवाखान्यात त्या दुपारी मी तेच म्हणाले. "अक्का, तुम्ही धीराच्या. एवढ्या बिबट्याला भ्याला नाहीत, या झटक्याला काय भिणार?" त्यांनी मान वळवली. "तुला कुणी सांगितलं मी भ्याले न्हाई? मळ्यात जायचं म्हटलं की आदल्या दिवसापासनं जेवण जायचं न्हाई."

"मग जात का होतात?"

"तू यायची न्हाईस म्हणून," त्या म्हणाल्या. रागाने नाही, साधं सांगावं तसं. मग म्हणाल्या, "वाळू सुकू देऊ नको." उद्या माफी मागू, असं ठरवून मी बसमध्ये बसले.

त्या गेल्यानंतर आठव्या दिवशी हौदाचं गोणपाट उचललं. तळाशी एक दुधी आणि चार लिंबं. वांगी, गवार, सगळं संपलं होतं. अक्कांनी स्वतः तोडून आणलेल्यातलं एवढंच उरलं होतं. विकासची बायको रेश्मा माझ्या शेजारी उभी होती. लग्नाला दीड वर्ष झालेली मुलगी. तिने विचारलं, "काकू, आता मळ्यात कोण जाणार?" मी पायात चपला घातल्या.

रेश्मा, दोन शेजारणी आणि मी, आम्ही चौघी होतो. उसाच्या दोन रांगांमधल्या वाटेवर मी पुढे. पान सळसळलं की माझे पाय जागीच थांबायचे. वांगी तोडताना मी दर दोन वांग्यांनंतर उभी राहत होते. काहीच झालं नाही. पाटी भरून परत आलो. हौदाजवळ बसून मी वांगी पुसायला लागले, तेव्हा दोन वांगी हातातून खाली पडली. रेश्माने ती उचलली आणि विचारलं, "काकू, तुम्हाला भीती नाही वाटली?"

"वाटली," मी म्हणाले. "खूप वाटली. पुढच्या वेळी माझा हात धरून चल."