परसातली कडू कांदाची वेल

"आये, माझी जीभ कुठं गेली?" असं जानीनं विचारलं आणि तोंडात बोट घालून ती जीभ शोधायला लागली. तिला वाटलं, गळून पडली. पाच वर्षांची होती. ओठ बधिर झाले होते, लाळ गळत होती. जरा वेळानं ओकली आणि मातीच्या ढिगाजवळ वाकडी होऊन पडली. वसईकडच्या वीटभट्टीवरचा आमचा तो चौथा दिवस. ट्रॅक्टरमध्ये घालून दवाखान्यात नेईपर्यंत ती माझ्या मांडीवर गार झाली होती.

तिथंच खाडीच्या काठी पुरली. आमच्या गावी, पोशेऱ्याला, परत आणणं जमलं नाही. पाड्यावर सगळ्यांना सांगितलं, तापानं गेली. माझ्या माहेरीही तेच सांगितलं. तुम्ही पाड्यावर राहिलेले आणि आमच्यासारखे भट्टीवर गेलेले, तुम्ही सगळ्यांनी ते खरं धरलं. ते खोटं होतं. जानी कडू कांद, रानातला तो कंद, खाऊन गेली, आणि तो मी शिजवला होता.

दिवाळी झाल्यावर आम्ही निघालो होतो. खाली रस्त्यावर ट्रक उभा होता. डोक्यावर भांडी, नागलीचं पीठ आणि अर्धं पोतं कांद. जानीनं आपल्या भातुकलीच्या चुलीचे तीन दगड ओटीत घेतले होते. मी ते ट्रकमधून फेकून दिले. म्हटलं, तिथं काय दगड मिळणार नाहीत? तिथं खरंच दगड नव्हते. नुसती माती होती, काळी, चिकट, आणि तिला खारट वास.

कडू कांद कसा करायचा हे आमच्याकडे पोरीसोरींनाही ठाऊक असतं. सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, राखेच्या पाण्यात उकडायच्या, मग टोपलीत भरून वर दगड ठेवायचा आणि टोपली रात्रभर ओहोळात सोडायची. माझी आई सांगायची, "कांदाला वाहतं पाणी लागतं. थांबलेल्या पाण्यात तो आपलं कडू परत पितो." सकाळी एक चकती जिभेच्या टोकाला लावायची. चुरचुरली तर टोपली पुन्हा पाण्यात. त्यात घाई चालत नाही.

भट्टीवर ओहोळ नव्हता. खाडी होती, ती खारी. पाणी टँकरचं, पिंपात भरलेलं. मी चकत्या पिंपातल्या पाण्यात बादलीत भिजवल्या. दोनदा पाणी बदललं. तिसऱ्यांदा बदलायला गेले तर बाजूच्या झोपडीतली बाई ओरडली, "पाणी काय तुझ्या बापाचं आहे?" मी बादली खाली ठेवली. सकाळी चकती जिभेला लावली. चुरचुरली. मी म्हटलं, राखेमुळं असेल. पोरं रडत होती, पीठ संपलं होतं. माझ्या जिभेनं सांगितलं आणि मी ऐकलं नाही. एवढंच घडलं.

नवरा तेव्हा खड्ड्यात माती तुडवत होता, त्यानं खाल्लं नव्हतं. त्याला खरं ठाऊक होतं. तो कधी एक शब्द बोलला नाही. तीन वर्षांपूर्वी गेला तोही न बोलता.

आता मी जव्हारात मुलाकडं, किसनकडं राहते. पक्कं घर आहे, नळ आहे, फ्रीज आहे. सून सुनीता बालवाडीत शिकवते, नात रिया अजून लहान आहे. पहिली दोन वर्षं मला या घरात काही कामच नव्हतं. गॅसला हात लावू देत नाहीत. मग मागच्या उन्हाळ्यात सुनीता मोबाईल घेऊन माझ्याजवळ बसली.

"आई, हे बघा. परसात असं करायचं आहे मला. रियासाठी आणि गल्लीतल्या पोरांसाठी. लाकडं, दगड, माती, पाणी. प्लास्टिक काही नाही. परदेशात लोक मुद्दाम पोरांना चिखलात खेळवतात."

मी म्हटलं, "मग आमच्या पाड्यावर का येत नाहीत ते? तिथं फुकट आहे."

ती हसली. पण काम मीच केलं. ऐनाच्या ओंडक्याचे गोल तुकडे करून घेतले आणि अंतरा-अंतरावर मातीत पुरले, पोरांनी त्यावरून उड्या माराव्यात म्हणून. जांभळीच्या फांदीला सुंभाचा झोका बांधला. नळाखालून दगडगोट्यांची नाली काढली, नळ सोडला की पाणी वाहतं. एका कोपऱ्यात मातीची चूल आणि करवंट्या मांडल्या, सुनीता त्याला मड किचन म्हणते. बांबू वाकवून खोपी केली. खोपीवर वेल चढवायची सुनीताला हौस. पोशेऱ्याकडून भाजी घेऊन येणाऱ्या माणसाला तिनं सांगितलं आणि त्यानं पावसाळ्याच्या तोंडाला एक गड्डा आणून दिला. तिनंच लावला. मी तेव्हा गुडघ्याच्या दुखण्यानं आत पडून होते.

मी बाहेर आले तेव्हा खोपी पानांनी भरली होती. पान बघताच मी ओळखलं, कडू कांद. लहान बटाट्यासारखे गोळे लटकत होते. मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. बोलले असते तर सुनीतानं विचारलं असतं, का? मी गप्प बसले. म्हटलं, थंडी पडली की वेल आपोआप वाळेल. तोपर्यंत रोज पहाटे उठून जमिनीवर पडलेले गोळे वेचायचे आणि कचऱ्यात टाकायचे. दोन महिने तेच केलं. रात्री झोप लागत नव्हती. डोळा लागला की ओठ बधिर वाटायचे, मी उठून जिभेला बोट लावून बघायची.

दसऱ्यानंतर एका दुपारी रिया पळत आली. पळसाच्या पानावर त्या गोळ्यांच्या पातळ चकत्या, वर चिमूटभर राख. तिला कोणी शिकवलं नव्हतं. राख चुलीजवळ होती म्हणून टाकली असेल. "आजी, जेव. मी चाखलंय, मस्त झालंय."

मी तिचा जबडा दाबून धरला आणि घशात बोटं घातली. ती ओकली, चावली, किंचाळली. सुनीता धावत आली आणि तिनं पोरीला माझ्या हातातून ओढून घेतलं.

"आई, वेड लागलं का तुम्हाला? खेळतेय ती!"

"काय खाल्लं ते विचार तिला. काय खाल्लं ते विचार!"

रिया हुंदके देत म्हणाली, खोटं खोटं खाल्लं. भातुकलीत खातात तसं. तिच्या तोंडाला काही लागलं नव्हतं. तरी मी तिला तीन वेळा जीभ बाहेर काढायला लावली. मग कोयता घेऊन वेल बुडापासून तोडली, गड्डा खणून काढला. सुनीता म्हणाली, आता हे सगळंच पाडून टाकते, घरात खेळू दे तिला.

मी म्हटलं, "नाही पाडायचं. पोरांनी मातीत खेळायला पाहिजे. जानी मातीनं नाही मेली."

मग सांगावं लागलं. संध्याकाळी किसन आला, त्यालाही तेच सगळं सांगितलं. त्याला बहीण तापानं गेली एवढंच माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी गल्लीतल्या पोरांना ओळीत बसवून ते पान दाखवलं, हुंगायला दिलं, आणि याला तोंड लावलं तर काय होतं ते सरळ सांगितलं. एका पोरीची आई भांडायला आली, पोरांना कशाला घाबरवता म्हणून. मी तिलाही पान दाखवलं.

तुम्ही विचारता, गावाची आठवण येते का. मला गाव म्हणजे टोपली सोडायचा ओहोळ. रात्रभर पाणी वाहतं आणि कुणी ओरडत नाही. तिथं परत जाऊन राहावं असं वाटत नाही. त्या पाण्याजवळ मला बसवणार नाही.

त्या संध्याकाळी किसननं सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, "तेव्हा मी काय खाल्लं होतं?"

तो दीड वर्षांचा होता. मी त्याला चकती कुस्करून माझ्या बोटानं चाटवली होती आणि उरलेलं मी खाल्लं होतं. दोघांना दोन दिवस ओकाऱ्या झाल्या. खाणारे आम्ही तिघं. त्यातले दोघं जगलो, मी आणि किसन.