तळ्याचे वकील

"मी देवाबद्दल बोलून नाही राहिलो गा." आमच्या दैनिकाच्या कचेरीत शिरले की वकीलसाहेब आधी काळा कोट खुर्चीला अडकवायचे, ग्लासभर पाणी एका दमात प्यायचे आणि मग हे वाक्य म्हणायचे. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी तिथे उपसंपादक होतो. एकच गोष्ट सांगून सांगून इतका थकलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सक्करदऱ्याच्या पलीकडे, त्यांच्या वस्तीमागे, एक लहानसं तळं होतं. प्लॉट पाडायला कोणी त्यात ट्रकांनी मलबा ओतू लागलं, तेव्हा यांनी दावा लावला. स्वतःच्या नावानं नव्हे, तळ्याच्या नावानं. कोर्टात हशा पिकला. त्यांचं म्हणणं साधं होतं. देवळातली मूर्ती कायद्यानं व्यक्ती ठरते, तिच्या नावे जमीन असते, तिच्या वतीनं वकील उभा राहतो. मग तळ्याच्या वतीनं का नाही?

आमच्या संपादकांनी मथळा दिला, 'तळे म्हणजे देव! वकिलाचा दावा.' दुसऱ्या एका पेपरानं तर यांना जलदेवतेचे भक्तच करून टाकलं. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर ज्यांच्या घरात देव उरला नव्हता, त्या माणसाला! मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

ते खुलासा घेऊन आले. "तळ्याले हक्क पाहिजे, पूजा नाही. एवढंच छापा न भाऊ."

छापला, आतल्या पानावर, लिलावाच्या जाहिरातीखाली. तिथलं कोण वाचतो हे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहे.

मथळा मात्र सगळ्यांनी वाचला होता. भरावावरच्या एका दगडाला शेंदूर लागला. मग वर पत्रे आले, घंटा आली, कमिटी झाली. आता तो भराव काढायची कोणाची छाती होणार? दावा फेटाळला गेला तोवर तळ्याचं डबकं झालं होतं.

पुढे देवळालाच अतिक्रमणाची नोटीस आली. कमिटीवाले धावले ते यांच्याकडेच, कारण देवाचा वकील म्हणून पेपरात नाव वाचलेलं. हे म्हणाले, मूर्तीसोबत तळ्याचंही नाव टाका, फुकट लढतो. पण तळं जिंकलं तर देऊळ कुठं राहणार? त्यांनी दुसरा वकील केला.

ते वारले तेव्हा बातमी मी लिहिली. मथळा दिला, 'तळ्याचे वकील गेले.' सकाळी छापून आलं, 'देवाचे वकील कालवश.'

मी भेटायला गेलो तेव्हा अंक घरात आलेला होता. त्यांच्या पत्नीनं मला पाणी दिलं, पेपराची घडी घातली आणि म्हणाल्या, "आता ते खुलासा द्याले बी येनार नाही, भाऊ."