भाचीसमोर उभं राहताना

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. तिला चुकून पाय लागला तर तो लगेच हात जोडतो. म्हणून तायक्वांदोच्या ब्लॅक बेल्ट परीक्षेत माझी जोडी भाचीशी लावली गेली, तेव्हा मी आधी दुसरं कोणी मिळतं का ते बघितलं.

परीक्षा तिची होती. ती शाळेपासून शिकत होती. मी चाळिशीनंतर, साखर वाढल्यावर, त्याच वर्गात आलो. सडक अर्जुनीत महामार्गालगतच्या मंगल कार्यालयात परीक्षा सुरू झाली आणि तिच्याशी लढणारी मुलगी आलीच नाही. तिथं उरलो मी.

"मामा, हळू मारू नका," हेल्मेट बांधताना ती म्हणाली. "तसं केलं त माहा अपमान होते. अन् सर नापास करतीन."

"अन् जोरात लागली त?"

"लागू द्या. काऊन भेता? मी त नाही भेत तुमच्या ढेरीले."

मागच्या खुर्चीवर माझी बहीण, तिची आई, बसली होती. सौंदडहून मुद्दाम आली होती. "पोरीले लात मारशीन तू?" एवढंच ती म्हणाली.

'क्यूंगने' अशी आज्ञा झाली, म्हणजे कमरेतून वाकून नमस्कार. मी वाकलो तो थेट भाचीच्या पायांपर्यंत. लोक हसले. सर गोंदियाचे, ते हिंदीतच रागावतात. "यहाँ कोई मामा-भांजी नहीं. सामनेवाले को पूरी ताकत दो, वही इज्जत है. फिर से!"

पहिल्या दोन लाथा मी हवेतच आवरल्या. सरांनी नकारार्थी मान हलवली, माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघून. तिचा चेहरा उतरला. तिसरी मी आवरली नाही. ती पुढं येत होती. लाथ छातीच्या गार्डवरून घसरून बरगडीत बसली. ती पडली, पण ओरडली नाही.

समोरचा पडला की पाठ करून गुडघ्यावर बसायचं, हा आमच्या वर्गाचा नियम. पडलेल्याकडे टक लावून बघणं असभ्य समजतात. मी तसा बसलो. समोर भिंत आणि केटररची उपडी पातेली. मागे धावती पावलं, बहिणीचं "बाई गं!", आणि मग काहीच नाही. मला तिचा श्वास ऐकायचा होता, पण बाहेर ट्रकचा हॉर्न थांबेना. मान वळवली असती तर कळलं असतं. मी वळवली नाही.

"घूम जाओ."

ती उभी होती, एक हात बरगडीवर. उरलेली लढत तिनं पुरी केली. मला दोनदा खाली पाडलं. सरांनी पास म्हटलं, तिनं वाकून नमस्कार केला आणि ती तिथंच बसली. श्वास आत घेता येईना.

दवाखान्यात बहीण माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. मी डॉक्टरांना पुन्हा बघायला लावलं.