पुष्पाताईंचं वजन भिंतीवर

यंदा होळीच्या आधीच्या सोमवारी, सकाळी साडेनऊला, कळमेश्वरच्या एका बिस्किट कारखान्यात पुष्पाताईंवर अन्याय झाला. पॅकिंग लाइनच्या त्या लीडर. मॅनेजरने नोटीस बोर्डवर त्यांच्या नावापुढे लाल पेनाने लिहिलं: ७४ किलो. खाली शेरा: ‘महिन्याभरात कमी न झाल्यास लीडरपद काढण्यात येईल.’

मी आहारतज्ज्ञ. कारखान्याने काढलेल्या वजन घटवण्याच्या मोहिमेचं पत्रक माझंच: ‘अँटिऑक्सिडंट घ्या, ताण पळवा, वजन घटवा!’ म्हणजे आधी गुन्हा माझा.

काही दिवसांनी माझ्याकडे तपासणीला आल्या आल्या ताईंनी कॅप्सूलची बाटली टेबलावर आपटली. “तुझा कागद वाचून घेतल्या, पोरी. रोज खाऊन राहिली. वजन वाढूनच राहिलं!”

वाढणारच. त्या कॅप्सूलमधली क आणि ई ही अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वं पेशींची झीज रोखायला मदत करतात. संत्र्या-आवळ्यातून, शेंगदाण्यातून मिळतात. वजन उतरवणं त्यांचं कामच नाही. सततच्या ताणाने मात्र शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं. मग गोडाची ओढ लागते आणि अनेकांच्या पोटावर चरबी साठते. मी मात्र गोळीनेच ताण आणि वजन दोन्ही जातं, असं छापलं होतं.

“दुपारी काय जेवता?”

“काहीच नाही.”

“काहून?”

“बोर्ड लागला तवापासून साऱ्या बायका माह्या पोळ्या मोजतात वं. मंग चार वाजता तुटक्या बिस्किटाच्या क्रेटपाशी उभी राहतो. मशीन तोडते, मी खातो.”

आम्ही दोघी हसलो. मग ताईंनी पदराने डोळे पुसले.

मी तडक मॅनेजरकडे गेले. ताई मागोमाग.

“सर, बोर्ड उतरवा.”

“मॅडम, मोटिव्हेशन आहे ते.”

“मग पहिलं नाव तुमचं लिहू?”

“माझा काय संबंध?”

“वजनकाट्यावर चढा ना जी साहेब,” ताई म्हणाल्या, “काटा नाही मोडत!”

साहेब चढले नाहीत. बोर्ड त्याच दुपारी उतरला. शेराही गेला.

आज ताईंचं वजन ७३. फक्त एक किलो कमी. पण त्या लीडरच आहेत, डबा बायकांत बसून उघडतात, आणि मी गेले की पहिला घास मला भरवतात. पत्रक छापण्याआधी वाचणारीचा डबा बघावा, एवढं मी शिकले. जुनी पत्रकं रद्दीत घातली.

तुमच्या ऑफिसात कुणाचं वजन भिंतीवर लावलंय? उद्या सकाळी जा आणि तो कागद काढा. परवानगी मागत बसू नका.