लाल्याने खाल्लेला रोट

जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला वच्छलाबाईंचं घर. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी रूपा नाशिकला सासरी. पण कुळाची देवी कानबाई श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसायची ती याच घरात. एरवी ज्यांना या घराचा पत्ता आठवत नसे, ते भाऊबंद त्या रविवारी न चुकता हजर. रोटाची, म्हणजे तिच्या नैवेद्याची पुरणपोळी फक्त भाऊबंदांनीच खायची, बाहेरच्याला तुकडासुद्धा नाही, हा कानबाईचा दंडक. त्या हिशेबाने लग्न होऊन गेलेली रूपाही बाहेरची. आणि बांधावरून वर्षभर अबोला धरणारा पुतण्या प्रेमराज मात्र घरचा, पंगतीत सर्वांत आधी बसलेला.

लाल्या तर बाहेरचाच. एका थंडीत हा भटका कुत्रा ओट्यावर येऊन निजला आणि तिथलाच झाला. वच्छलाबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनानंतर भाऊबंदांनी फोनवरून 'काळजी घ्या' सांगून आपली काळजी संपवली. लाल्या मात्र खाटेखालून हलला नव्हता.

यंदा आरती ऐन रंगात आली, सगळ्यांचे डोळे भक्तीने मिटले, आणि लाल्याने स्वयंपाकघरात जाऊन रोटाची एक पोळी खाल्ली.

प्रेमराजची बायको कामिनी किंचाळली. सोनगीरहून आलेले लोटनआबा, भाऊबंदकीतले सर्वांत वडील, सगळं बाटलं म्हणत काठी घेऊन धावले.

"बठ्ठं बाटी गयं! कानबाई कडक शे, कोणलेच सोडाव नही!"

भाऊबंदांतल्या नवलने मोबाइलमध्ये डोकं घातलं. "आबा, गायीनं खाल्लं तर चालतं, असं इथं आहे. कुत्र्याचं काही सापडत नाही."

"मंग तू त्याले गाय कर," आबा खेकसले. मग वच्छलाबाईंकडे वळून, गावकीत निकाल देतात तसे म्हणाले, "वच्छला, एक तर हाऊ कुत्रा घरमाईन जाई, नही ते कानबाई जाई. पुढच्या सालपासून ती प्रेमराजकडे बसेल."

वच्छलाबाईंनी कानबाईकडे पाहिलं. नवी नवरी होऊन आल्या तेव्हापासून नारळाला नथ घालून त्यांनी कानबाई सजवली होती. ती गेली की हे घर नुसतं चार भिंती. आणि लाल्याला हाकललं तर त्या भिंतींतही कोण उरणार? तो एव्हाना ओट्याच्या कोपऱ्यात शेपटी पायांत घालून बसला होता.

"आबा, एक विचारू?" त्या म्हणाल्या. "मघाशी मी याच्या पाठीत लाटणं घातलं. तरी बघा, माझ्याचकडे तोंड करून बसलाय. मुक्या जनावराच्या पोटात राग राहत नाही, आणि जगाची आई एका पोळीवरून रुसून बसेल? मग ती कानबाई कसली, ती आपल्या प्रेमराजचीच बहीण म्हणायची!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. प्रेमराज छताकडे बघू लागला. आबा मात्र बधेनात. "ठरनं ते ठरनं. कानबाई प्रेमराजकडे."

आता कामिनीचा चेहरा उतरला. सगळ्या भाऊबंदकीचं दळण, पुरण, दोन रात्रींचं जागरण आणि आबांचा मुक्काम हे सगळं तिच्या नव्या किचनमध्ये!

"अहो आबा," ती घाईने पुढे झाली, "आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमधून देवी न्यायची का? नवलभाऊंकडे बसवा ना."

"आमच्याकडे? आमच्याकडे तर घराचं काम काढलंय," नवल म्हणाला. ते काम त्याने त्याच क्षणी काढलं होतं.

कानबाईच्या कोपाला मघापासून कापणारी मंडळी तिला घरी न्यायची म्हटल्यावर एकेक करून चपला शोधू लागली. आबांनी सगळ्यांकडे पाहिलं, खाकरले, आणि शास्त्र एकदम मऊ झालं.

"तसं पाहिलं तर... कुत्रा घरना राखणदार शे. राखणदार काही बाहेरना नही."

"तेच म्हणते मी!" कामिनी म्हणाली. तिने यातलं काहीच म्हटलेलं नव्हतं.

वच्छलाबाई आत गेल्या आणि त्यांनी रोटाचीच दुसरी पोळी तूप लावून, सगळ्यांच्या देखत लाल्यापुढे ठेवली.

लाल्याने पोळी हुंगली, पण आधी उठून आबांकडे गेला आणि काठी धरलेला त्यांचा हात चाटू लागला. आबांनी इकडेतिकडे पाहिलं.

"अक्कल नही याले," ते पुटपुटले. पण हात त्यांनी मागे घेतला नाही.