तांदळाच्या दाण्याएवढी ढील

आमच्या देवघराच्या खालच्या खणात वाती, कापूर आणि क्लचच्या तीन जुन्या वायरी एकत्र असतात. कुणी मुद्दाम ठेवल्या नाहीत, साठत गेल्या. किस्सेही तसेच साठले. बरकतपुऱ्यातल्या मैत्रिणींना सांगते तेव्हा त्या हसतात. मीही हसते आता; ते घडत होतं तेव्हा मात्र हसत नव्हते.

माझी मुलगी मुक्ता आयटीत आहे आणि दर रविवारी शहराबाहेरच्या खडकांवर मोटारसायकल चढवते. ट्रायल्स म्हणतात त्याला. त्यात वेग नाही, तोल आहे. पाय जमिनीला टेकला की चूक धरतात. गाडीला सीटसुद्धा नाही. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी म्हटलं, "अगं, बसायचं कुठे?"

"बसायचंच नसतं, आई."

बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल, तर वाटलं नाही.

*

गेल्या वर्षी एका छातीएवढ्या खडकावरून ती पडली. डावं मनगट मोडलं. "क्लचने एकदम पकड घेतली," ती म्हणाली. "गाडी पुढे उडाली, मी मागे."

प्लास्टर घातलं त्याच संध्याकाळी मी गणपतीपुढे हात जोडले. म्हटलं, हिला त्याच खडकावर सुखरूप चढलेली माझ्या डोळ्यांनी पाहीन, तेव्हाच भात खाईन.

मुक्ता चिडली. "आई, तुझ्या नवसाने मलाच कामाला लावलं. आता मी नाही चढले तर तू उपाशी?"

खरं तर ती पुन्हा चढावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. ते बोलून गेल्यावर ध्यानात आलं.

*

प्लास्टर निघालं, तशी ती गाडी घेऊन विद्यानगरला चांदभाईंकडे गेली. मीही मागे बसून, म्हणजे रिक्षात बसून. चांदभाई तिचे मेकॅनिक. क्लचचा लिव्हर दाबताना ते डोळे मिटतात, वैद्य नाडी बघतात तसे.

लिव्हर आणि त्याच्या बुडाच्या मधे एक बारीक फट असते. तेवढी वायरला ढील. ती जास्त झाली तर क्लच पुरता सुटत नाही, कमी झाली तर घसरतो. चांदभाई फट नखाने मोजायचे. मुक्ता लिव्हर एका बोटाने ओढून बघायची आणि म्हणायची, "थोडंसं अजून." असं अकरा वेळा झालं.

माझ्या पर्समध्ये चिक्कडपल्लीच्या देवळातल्या अक्षता होत्या. त्यातला एक दाणा मी पुढे केला. "याच्याएवढी करून बघा."

चांदभाईंनी दाणा फटीत आडवा सरकवला, वायर ताणली, दाणा काढला. मुक्ताने लिव्हर ओढला. मग पुन्हा ओढला. "बस. हेच."

मी भात सोडलाय एवढंच त्यांना मुक्ताकडून कळलं होतं. "भाभी," चांदभाई म्हणाले, "आप खाते नै, लिव्हर को खिला दिये."

तेव्हापासून त्यांच्या पान्यांच्या डब्यात लाल अक्षतांची पुडी असते. मी एकदा बासमती दिला तर परत केला. "ये नक्को. वोइच होना."

*

खंडेनवमीला मी गाडीची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचं फूल. आणि मनगट डावं मोडलं होतं म्हणून डाव्या, म्हणजे क्लचच्या लिव्हरला रक्षेचा दोरा, पाच वेढे, घट्ट.

दुसऱ्या दिवशी सरावात इंजिन नुसतं ओरडलं, गाडी एका लहान दगडावर अर्धी चढून मागे आली. नशीब, दगड गुडघ्याएवढाच होता. चांदभाई तासभर क्लच खोलून बसले. प्लेटा बघितल्या, वायर बघितली. शेवटी त्यांना फटीत माझा दोरा दिसला. पाच वेढ्यांनी सगळी ढील खाल्ली होती.

मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. त्यांनी दोरा कापला नाही. एकेक वेढा सोडवला आणि हँडलच्या दांड्यावर बांधला. "दुआ इधर भी लगती, भाभी."

*

एकदा त्यांच्या बायकोने, मी भात सोडल्याचं ठाऊक नसल्याने, डबाभर खड्या मसाल्याचा बगारा भात पाठवला. वास असा, की मी खिडकी उघडली. डबा तसाच परत गेला. तेव्हा कुठे चांदभाईंना त्यामागचा नवस कळला. त्या आठवड्यात त्यांनी न बोलावता तीनदा येऊन क्लच तपासला.

*

आणि मग तो रविवार. तोच खडक. चांदभाई दुकान बंद ठेवून आले होते. त्यांनी दाणा शेवटचा फटीत सरकवून पाहिला आणि काढून माझ्या तळहातावर ठेवला.

मुक्ता गाडीच्या पाय ठेवायच्या दांड्यांवर उभी राहिली. एक बोट लिव्हरवर. मी मूठ मिटली आणि गणपतीचं नाव घ्यायला लागले. इंजिनचा आवाज बारीक झाला, थांबल्यासारखा वाटला, मग वाढला. आणि वरून आला.

"आई! पाहिलंस?"

माझे डोळे गच्च मिटलेले होते. उघडून आधारासाठी चांदभाईंकडे पाहिलं. ते खडकाकडे पाठ करून उभे, ओठ हलताहेत.

मुक्ता खाली उतरून आली. घामाघूम, हसरी. "चल घरी, कुकर लाव. नवस फिटला."

"डोळ्यांनी पाहीन, असं बोलले होते गं मी."

"मग?"

चांदभाई खाली बघत म्हणाले, "बेटा, मैं भी नै देखा."

मुक्ता आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत राहिली. मी मूठ उघडून दाणा चांदभाईंना दिला.

"फट एकदा बघून घ्या," मी म्हटलं. "मुक्ता, परत चढ."